डेस्कवरून एक प्रश्न : अरब देशांत राहून बातमीदारी केलेलं कुणी आहे का इथे?

रात्रपाळी (पुणे)

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे, वय २७. विदेशाचं पान तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. वृत्तसंस्थेची, म्हणजे एजन्सीची, इंग्रजी कॉपी (बातमीचा मजकूर) उघडायची, सातशे शब्दांची दीडशे करायची, मराठीत आणायची, मथळा द्यायचा आणि पान सोडायचं. डाक आवृत्ती नऊला जाते, शहर आवृत्ती साडेबाराला. गाझा, बैरूत, सना, दमास्कस ही सगळी गावं मी फक्त कॉपीच्या डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या गावाच्या नावात, पाहिली आहेत.

परवा एक बातमी लावली. मथळा दिला, ‘चकमकीत चौघे ठार’. दोन कॉलमांत छान बसला. घरी जाताना टिळक रोडच्या सिग्नलला थांबलो आणि एकदम आठवलं, की मूळ कॉपीत चकमक नव्हतीच. गोळीबार झाला आणि चार जण गेले एवढंच वर होतं. गोळ्या कुणी झाडल्या ते चौथ्या परिच्छेदात होतं आणि तो परिच्छेद मीच जागेसाठी कापला होता. चकमक म्हटलं की वाचणारा दोन्ही बाजूंच्या हातात बंदुका धरून बघतो. ती दुसरी बंदूक मी पुण्यात बसून दिली. रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून विचारतो. तिथे प्रत्यक्ष उभं राहिलेल्या माणसाला आमच्यापेक्षा खरंच जास्त दिसतं का? भाषा किती यावी लागते? आणि इथे बसून आम्ही नेमकं काय बिघडवतो? वर्षभर बिनपगारी रजा घेऊन कैरोला अरबी शिकायला जावं असं फार मनात आहे. आईचा सक्त विरोध आहे.

---

अम्मानमार्गे (सहकारनगर)

मी पत्रकार नाही, पण बातमीच्या आतला माणूस होतो, म्हणून लिहितो.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा मी साल्मियात राहत होतो. पुढे बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातल्या तंबूत नऊ दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. आमच्यासारख्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तेव्हा बाहेर काढलं, जवळजवळ पाचशे उड्डाणं झाली. आईने त्या तीन महिन्यांची सगळी कात्रणं जपून ठेवली होती. परत आल्यावर एकेक वाचलं. आकडे होते, तेलाचा भाव होता, सद्दाम आणि बुश रोज होते.

आमच्या तंबूंकडे रोज संध्याकाळी एक जॉर्डनची बाई पिकअपमधून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घेऊन यायची. स्वतःच्या हाताने वाटायची, आधी लहान मुलांना. तिला हिंदी येत नव्हतं, आम्हाला अरबी कामापुरतं. तिच्याबद्दल एका ओळीचंही कात्रण नाही. तिथे बातमीदार आलेच नाहीत असं नाही, दोन गोरे आणि एक दिल्लीचा आला होता. ते आम्हाला विचारून गेले. तिला कुणी विचारलं नाही.

तुम्ही जा. आईंना मी समजावतो हवं तर.

---

दोक्की_ते_डहाणूकर (कोथरूड)

रात्रपाळी, तुझं चकमकीचं वाचलं आणि उठून चहा ठेवला. म्हटलं, याला नीट बसून लिहायला हवं. (वय सांगितलंस म्हणून अरेतुरे करते.)

मी सप्टेंबर २००९ पासून डिसेंबर २०१३ पर्यंत कैरोत होते. कुठल्याही मोठ्या संस्थेची प्रतिनिधी नव्हते. दिल्लीचं एक इंग्रजी दैनिक, पुण्याचं एक मराठी, आणि मधूनमधून एक साप्ताहिक. छापून आलं तर पैसे. दोक्कीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, खाली फूलचा गाडा. फूल म्हणजे आपल्या वालापेक्षा मोठे दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवतात ते. पहाटे त्या वासानेच जाग यायची.

तिथे उभं राहिल्यावर जास्त दिसतं का? ऐन वेळी कमी दिसतं. २८ जानेवारी २०११ चा शुक्रवार घे, अध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्धचा उठाव नुकताच पेटला होता. मध्यरात्रीनंतर इंटरनेट बंद केलं होतं, सकाळी मोबाइलही गेले. दोक्कीहून निदर्शनांच्या तहरीर चौकाला पायी जायला दोन पूल लागतात, आधी गलाआ, मग बेट ओलांडून कस्र अन-नील. त्या दुसऱ्या पुलाच्या अलीकडे मी चार तास होते. मला काय दिसलं? पुढच्यांच्या पाठी, अश्रुधुराचे ढग, व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी आणि एका म्हाताऱ्याच्या हातातला अर्धा कांदा, जो तो दर दहा पावलांवर कुणा पोराच्या नाकाशी धरत होता. सुएझमध्ये काय चाललंय, अलेक्झांड्रियात काय चाललंय, मला काहीच ठाऊक नव्हतं. पुण्यात टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या बहिणीला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

घरातला लँडलाइन तेवढा चालू होता. कैरोत रात्रीचे नऊ, पुण्यात साडेबारा. डेस्कवर फोन लावला. तुझ्याच जागेवर बसणारा कुणीतरी होता, त्याने शहर आवृत्ती थांबवून हाताने उतरवून घेतलं. मी म्हटलं, संग्रहालयाच्या बाजूला मोठा धूर दिसतोय, कशाचा ते कळत नाही. तो म्हणाला, बाई, सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय जळतंय, एजन्सीवर आलंय. मी कांदा सांगितला, त्याने सुएझ सांगितलं. सकाळी छापून आलं ते माझ्या नावाने. अर्धी बातमी त्याची होती. डेस्क आणि मैदान यांच्यात कुणाला जास्त दिसतं हा प्रश्न मला त्या रात्रीनंतर पडला नाही. दोघांनी एकमेकांना नीट विचारलं, तर दिसतं.

आता भाषा. मराठी माणसाच्या पदरात अरबीची बरीच शिदोरी आधीच असते. तारीख, हक्क, वकील, मालक, वारस, किल्ला. तहरीर चौकाला तेही मैदानच म्हणतात, उच्चार थोडा वेगळा, मीदान. पण हीच ओळख घात करते. तारीख म्हणजे त्यांच्याकडे इतिहाससुद्धा. मुलाखतीला मुकाबला म्हणतात. पहिल्यांदा एका कार्यालयातून फोन आला की तुमचा मुकाबला उद्या अकरा वाजता, तेव्हा मी दचकले होते.

सगळ्यांत मोठा धडा ‘ऐश’ने दिला. तहरीरमधली घोषणा होती, ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया’. हुर्रिया म्हणजे स्वातंत्र्य, आपण हुर्रियत ऐकलेलं असतं. अदाला म्हणजे न्याय, आपली अदालत त्यातलीच. आणि ऐश? मी फोनवर सांगितलं तर पलीकडचा गोंधळला, लोक चैनीसाठी रस्त्यावर आलेत का, म्हणाला. कैरोत तो शब्द ‘एश’ असा ऐकू येतो. मूळ अर्थ जगणं, आणि इजिप्तच्या बोलीत अर्थ रोजची रोटी. वर अम्मानमार्गे काकांनी खुबूस लिहिलंय, इतर बहुतेक अरब देशांत रोटीला त्याच शब्दाचं रूप वापरतात. इजिप्तचा माणूस मात्र रोटीला जगणंच म्हणतो.

या शब्दामागे सरकारं हललेली आहेत. जानेवारी १९७७ मध्ये अध्यक्ष सादातच्या सरकारने धान्या-पिठावरचं अनुदान कापलं. दोन दिवस देशभर दंगली झाल्या, लष्कर आणावं लागलं आणि दरवाढ मागे घेतली गेली. मी होते तेव्हा सरकारी भट्टीवरची बलदी रोटी पाच पियास्तरांना (तिथल्या पैशांना) मिळायची, आणि तो भाव जून २०२४ मध्ये वीस पियास्तर होईपर्यंत तीनेक दशकं कुणी हलवला नाही. तुझ्याकडे कॉपीत ‘ब्रेड’ येईल. तू ब्रेड किंवा पाव लिहिलंस तर पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यासमोर बेकरी येते. भाकरी लिही. आकार चुकेल, अर्थ चुकणार नाही.

आणखी एक शब्द, आणि तो मी आजही जड मनाने लिहिते. खबर. तिकडेही बातमीच. त्याच धातूपासून मुखाबरात, म्हणजे गुप्तचर खातं. आपल्याकडे नाही का, खबर आणि खबऱ्या? समोर वही उघडून बसलेली बाई यांतली कुठली, हे तिथल्या माणसाने कसं ओळखायचं? आणि मी स्वतः बातमीदार असून एकाच्या बाबतीत खबऱ्याचंच काम केलं.

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद नावाचा २८ वर्षांचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला. पोलीस म्हणाले, अमली पदार्थाची पुडी गिळून गुदमरला. घरच्यांनी शवागारात काढलेला त्याच्या चेहऱ्याचा फोटो इंटरनेटवर गेला आणि देश हादरला. तेव्हा इजिप्तमध्ये आणीबाणीचा कायदा लागू होता, १९८१ मध्ये सादातची हत्या झाली तेव्हापासून सलग. लोक काय बोलतायत ते बघायला मी कैरोलगतच्या इंबाबाला गेले. तिथे एक औषधवाला होता, माझ्या खोकल्याचं औषध मी त्याच्याकडूनच न्यायची. चाळिशीचा, शांत. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पोलिसांबद्दल दोन वाक्यं बोलला. मला ती इतकी पटली की मी तशीच छापायला दिली. त्याचं पहिलं नाव, धंदा, मोहल्ला, शेजारची मशीद, सगळं. वाटलं, बातमीला वजन येईल. वाटलं, दिल्लीत छापलेलं इंबाबात कोण वाचतंय.

दैनिकाने बातमी संकेतस्थळावर टाकली होती. तीन आठवड्यांच्या आत साध्या कपड्यातली दोन माणसं त्याच्या दुकानात आली. हातात माझ्या बातमीची छापील प्रत, इंग्रजी ओळींच्या मधे पेनाने लिहिलेलं अरबी भाषांतर. त्याला घेऊन गेले. तीन रात्री ठेवला.

माझ्याकडे कुणी आलं नाही. माझा व्हिसा वेळेवर वाढला.

हे मी एकटीचं सांगत नाही. डिसेंबर २०१३ च्या शेवटी, मी परतायचं सामान बांधत असताना, अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीचे तिघे पकडले गेले. पीटर ग्रेस्ट, मोहम्मद फहमी आणि बाहेर मोहम्मद (बाहेर हे त्याचं नाव). काम एक, आरोप एकच. जून २०१४ मध्ये पहिल्या दोघांना सात वर्षं, बाहेरला दहा. वरची तीन वर्षं त्याच्याकडे बंदुकीची एक रिकामी पुंगळी सापडली म्हणून. ग्रेस्ट ऑस्ट्रेलियाचा, चारशे दिवसांनी हद्दपार होऊन घरी पोचला. फहमीकडे कॅनडाचाही पासपोर्ट होता, सुटकेच्या आशेने त्याने इजिप्तचं नागरिकत्व सोडून दिलं. बाहेरकडे एकच पासपोर्ट होता, इजिप्तचा. त्याच्यासाठी दार ठोठावणारा दुसरा देश नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये माफी मिळेपर्यंत त्याची आणि फहमीची फरपट चालूच राहिली.

म्हणून डेस्कवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एजन्सीच्या कॉपीच्या अगदी तळाला एक ओळ असते, अमुक गावाहून तमुक यांनी या वृत्तासाठी साहाय्य केलं. कात्री पहिली तिच्यावर चालते, मला माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. जायचं तर सैन्याबरोबर, सैन्य दाखवेल तेवढं बघायचं. म्हणजे तुझ्या पानावर गाझातून जे येतं ते तिथेच जन्मलेल्या, तिथेच पीठ शोधणाऱ्या पत्रकारांनी पाठवलेलं असतं. अल जझीराचा गाझातला बातमीदार वाइल दहदूह, त्याची बायको, मुलगा, मुलगी आणि नातू एका हल्ल्यात गेले, आणि तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. ती तळाची ओळ म्हणजे या लोकांची सही आहे रे. दीडशे शब्दांत तिला सहा शब्द दे.

आणि क्रियापदं. ‘गोळीबारात ठार’ लिहिलं की गोळीबार आपोआप पडला, पावसासारखा. अल जझीराची बातमीदार शिरीन अबू अक्ला ११ मे २०२२ ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये गोळी लागून गेली, अंगावर प्रेसचं जाकीट होतं. इस्रायली सैन्याने आधी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांकडे बोट दाखवलं, सप्टेंबरमध्ये म्हणाले, आमच्याच सैनिकाची गोळी असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या रात्री डेस्कला हे कळणं शक्य नव्हतं, मान्य. मग तेवढंच लिहावं, की दोन्ही बाजू असं असं म्हणतात. मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे, म्हणूनच जपायचं.

---

कोंढवा_खुर्द

ताई, वाचून अंगावर काटा आला.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये २०१५ पासून सहा वर्षं येमेनी विद्यार्थी भाड्याने होते. त्यातला एक सनाचा, पुणे विद्यापीठात एम.एस्सी. ऑगस्ट २०१६ ला सनाचा विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला, तो उघडला मे २०२२ ला. पोराचे वडील २०१८ मध्ये वारले. जायचं कसं? एडनपर्यंत विमान, पुढे लढाईच्या आघाड्या ओलांडत रस्त्याने, आणि परत येता येईल याची खात्री नाही. तो आमच्या गॅलरीत बसला आणि फोनवर जनाज्याची नमाज ऐकली. माझ्या सौभाग्यवतीने पिठलं-भात केला होता, तो त्याने खाल्ला नाही, पण ताटावरून उठलाही नाही.

त्याच वर्षी रमजानमध्ये एका वर्तमानपत्राची मुलगी परदेशी विद्यार्थ्यांवर लेख करायला आली. चांगली मुलगी होती. हा तिला सनाबद्दल सांगायला लागला, पाणी किती दिवसांनी येतं, बहिणीची शाळा कशी बंद आहे. ती म्हणाली, ते जरा जड होईल, इफ्तारला काय करता ते सांगा. लेखात खजुराचा फोटो आला.

रात्रपाळी, कैरोला जाशील तेव्हा जा. त्याआधी दोन-तीन महिने आमच्याकडे ये. आता वर इराकी आणि सुदानी मुलं आहेत. मराठी शिकायची फार हौस आहे त्यांना, सोसायटीच्या वॉचमनशी बोलायला लागतं. तू मराठी शिकव, ते अरबी शिकवतील. इराकी मुलगा म्हणतो, माझी बोली कैरोत चालायची नाही, तरी अक्षर तर बसेल.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोंढवा खुर्द काका, रविवारी संध्याकाळी येतो. अम्मानमार्गे काका, आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली. ती त्या खुबूसवाल्या बाईंपाशी थांबली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

काल संपादकांकडे गेलो. म्हटलं, चकमक माझी चूक आहे, शुद्धिपत्र द्यायचंय. परदेशातल्या बातमीला शुद्धिपत्र कोण मागतंय, असं एक सहकारी म्हणाला, पण संपादकांनी मूळ कॉपी मागवून वाचली आणि होकार दिला. उद्या पान ९ वर चार ओळी येतील. गोळ्या कुणी झाडल्या तेही त्यात आहे.

दोक्की ताई, एक विचारू का? त्या औषधवाल्याचं पुढे काय झालं?

---

दोक्की_ते_डहाणूकर

विचारलंस ते बरं केलंस.

मला कळलं तेव्हा तो घरी परतला होता. मी लगेच निघाले होते भेटायला, पण माझ्यासोबत काम करणारी दुभाषी मुलगी दारात आडवी उभी राहिली. कैरो विद्यापीठात शिकत होती, बावीस वर्षांची. म्हणाली, आत्ता तू त्याच्या दुकानात गेलीस तर चौथी रात्र तुझ्यामुळे. मी थांबले. (माझ्या चार वर्षांच्या एकाही बातमीवर तिचं नाव नाही. तिनेच नको म्हटलं होतं, आणि का ते मला तोवर कळलंच नव्हतं.) त्याने दुकान बंद ठेवलं आणि मुलांना घेऊन तंताला बहिणीकडे गेला.

मे २०१२ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवसांत, दुकान पुन्हा उघडल्याचं दुभाषीने सांगितलं. ती आधी एकटी गेली, भेटायचं आहे का विचारून आली. मग मी गेले. शटर या वेळी पूर्ण उघडं होतं. पुदिना घातलेला चहा आला, काचेच्या छोट्या ग्लासात. मी माफी मागितली, पाठ करून गेलेल्या अरबीत, आणि मधेच शब्द विसरले. त्याने मला वाक्य पुरं करू दिलं. मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघून म्हणाला, ती पर्समध्ये ठेव. मी ठेवली. मग तो दोन तास बोलला. त्या तीन रात्री, त्याचा थोरला मुलगा, तंतातलं वर्ष, मतदान करायचं की नाही. मधे गिऱ्हाइकं येत होती, तो उठून औषध देत होता आणि परत तिथूनच सुरू करत होता.

त्यातलं मी कुठे लिहिलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.

तुझी रजा मंजूर झाली की कळव. माझ्याकडे कैरोच्या बोलीच्या चार वह्या आहेत, बाजारातले, बसमधले, भट्टीच्या रांगेतले शब्द, निम्मे त्या मुलीच्या अक्षरात. झेरॉक्स नको, शाई फिकी झालीय. डहाणूकर कॉलनीत येऊन इथेच बसून उतरवून घे. शनिवारी सकाळी मी घरी असते.